मुलगा लढाईवर, पत्र सेन्सॉरकडे

पानिपतच्या वेळचं ‘दोन मोत्ये गळाली’ हे सावकारी पत्र शाळेतच सगळ्यांच्या कानावरून गेलेलं असतं, ते पुन्हा उगाळत नाही. त्यातली एकच गोष्ट इथे कामाची. रणावरची खबर वाटेत तिसराच कोणी वाचणार, हे धरूनच ती मोती, मोहरा, खुर्दा अशा सांकेतिक शब्दांत लिहिलेली होती. पहिल्या महायुद्धात, १९१४ साली हिंदी पलटणी फ्रान्सला उतरल्या तेव्हा हीच गरज पुन्हा पडली. मोहरा-खुर्द्याच्या जागी आता काळी मिरी आणि लाल मिरची आली. काळी म्हणजे हिंदी शिपाई, लाल म्हणजे गोरा. काळी मिरी संपत आली, एवढं घरी कळवलं की भरतीला निघालेल्या धाकट्या भावाला समजायचं ते समजे. ते टपाल तपासणाऱ्या सेन्सॉरलाही समजत होतं, ही त्यातली गंमत.

हा सेन्सॉर मुळात घरच्या पत्रांसाठी बसवलेला नव्हता. परदेशातल्या हिंदी क्रांतिकारकांची पत्रकं टपालातून पलटणीत शिरू नयेत, एवढाच हेतू होता. पण पत्रकं शोधायला थैली उघडायची तर आईबापांची, बायकोची पत्रंही हाताखालून जाणार. १९१५च्या मार्चपर्यंत फ्रान्समधले हिंदी शिपाई आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं लिहीत होते. फ्रान्समधल्या बूलोन्य बंदरातल्या सेन्सॉर कचेरीत ती पाहायला मूठभर माणसं. सगळी वाचणं शक्यच नव्हतं. नमुन्याला काही काढायची, त्यांचे उतारे इंग्रजीत करायचे आणि दर आठवड्याला अहवालासोबत वर पाठवायचे, अशी रीत पडली.

खरा वादाचा निर्णय इथला. निराशेची पत्रं अडवायची की जाऊ द्यायची? कचेरीच्या प्रमुखाचा कल सुरुवातीला जाऊ देण्याकडे होता. पत्रं सरसकट अडवली तर गावाकडे अफवा उठणार आणि शिपाई लिहिताना आणखी सावध होणार. मग त्यांच्या मनात काय चाललंय हे कळणार कसं? या धोरणाचं आजही उदारपणा म्हणून कौतुक होतं. मला ते पटत नाही. ती टेहळणीच होती, फक्त जास्त हुशार. पत्रांत कविता वाढू लागल्या तेव्हा हे मन बिघडल्याचं लक्षण आहे, अशी नोंद याच कचेरीतून वर गेली. घरच्यांना जे दुःख वाटायचं ते आधी अहवालात उतरत होतं.

आणि दुःखाचं कारण ठोस होतं. एकदा जखमी झालो की सुटलो, घरी जायचं, अशी शिपायांची समजूत. प्रत्यक्षात बरा झालेला माणूस पुन्हा खंदकात पाठवला जाऊ लागला. इंग्लंडमधल्या इस्पितळांतून गेलेल्या पत्रांत ही तक्रार सारखी येते, आणि तिच्या मागोमाग घरच्यांना बजावणं येतं की आपल्यातल्या कोणी आता भरती होऊ नका. भरतीचाच प्रश्न आला तेव्हा मात्र ओळी खोडणं आणि पत्रं रोखणं वाढलं.

मूळ पत्रं पुढे रवाना झाली आणि घरोघरी पावसाळ्यांत गेली. उरले ते इंग्रजी उतारे. त्यामुळे ‘शिपायांची पत्रं’ म्हणून आपण जे वाचतो ते कोणीतरी निवडलेलं आणि भाषांतर केलेलं असतं. पुष्कळदा तर सांगणारा वेगळा आणि लिहिणारा वेगळा. त्यात मराठी आवाज फार थोडा. खडकीचे सॅपर्स, म्हणजे लष्कराचे बांधकाम आणि सुरुंगाचं काम करणारे शिपाई, ऑक्टोबर १९१४मध्ये फ्रान्सच्या न्यव्ह शापेलला लढले खरे, पण फ्रान्समधल्या हिंदी फौजेत भरणा पंजाब, गढवाल आणि नेपाळकडचा.

मराठा पलटणींचं मोठं मरण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये झालं. तिथल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात तीन मराठा पलटणी अडकल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, मग शरणागती आणि कैद. त्या काळात सातारा, रत्नागिरीकडच्या घरांत काय पोचलं असेल? पगारातला वाटा डेपोमार्फत, म्हणजे पलटणीच्या मायदेशातल्या ठाण्यातून घरी येई. म्हणजे पैसे आले यावरून माणूस धड आहे असं धरता येत नसे. पत्र आलंच तर वाचायला कुलकर्णी नाहीतर पंतोजी, म्हणजे अख्ख्या आळीसमोर वाचन. ‘इकडील सर्व खुशाल’ या ठराविक ओळीनंतर काय येतं, इकडे सगळ्यांचे कान. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाचे ४६ जण पहिल्या महायुद्धात गेल्याचं सांगतात.

दुसऱ्या महायुद्धात वारं उलटं फिरलं. काळजी घराकडून आघाडीवर जाऊ लागली. महागाई आणि धान्याची टंचाई यांची पत्रं इराकपासून इटलीपर्यंत पोचली, आणि सेन्सॉरच्या अहवालांत शिपायाची सर्वात मोठी चिंता म्हणून दिसली ती शत्रूपेक्षा घरची चूल.

स्वातंत्र्यानंतर शिपायाच्या पत्त्यातून गावच नाहीसं झालं. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि खाली ‘मार्फत ५६ ए.पी.ओ.’ किंवा ‘९९ ए.पी.ओ.’, म्हणजे लष्करी टपाल कचेरीचा क्रमांक. मुलगा लडाखला की राजस्थानात, हे घरच्यांना पाकिटावरून कळायची सोय नाही. २ ऑक्टोबर १९५०ला आंतरदेशीय पत्र निघालं आणि १९६२, ६५, ७१ या तिन्ही लढायांची खुशाली मुख्यतः त्या निळ्या घडीतूनच गेली. जागा संपली की कडेच्या पट्टीवर आडवं लिहायचं, तिथे बहुधा धाकट्या भावंडाला अभ्यासाची तंबी. तार मात्र दारात आली की वाचण्याआधीच रडारड. १९७१नंतर ज्यांना बेपत्ता ठरवलं गेलं त्यांच्या घरची पत्रं दिल्लीच्या कचेऱ्यांकडे वळली, आणि पाकिस्तान आपल्याकडे कोणी नाही म्हणत असताना ती वर्षानुवर्षं जात राहिली.

कारगिलला, १९९९ साली, पत्राच्या मागोमाग शवपेटीही गावात येऊ लागली. आधीच्या लढायांत अंत्यविधी बहुधा आघाडीवरच उरकत. मरणाची खबरही आता टीव्हीवर सगळ्यांना एकदमच. शेवटचं पत्र नंतर पोचल्याच्या हकिकती वृत्तपत्रांनी भरभरून छापल्या, काही वेळा घरच्यांची परवानगी नीट न विचारता.

तार २०१३मध्ये बंद झाली. पत्राची जागा मोबाइलने घेतली, पण वाटेतल्या तिसऱ्या डोळ्याचा प्रश्न गेला नाही. जुलै २०२०मध्ये जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप फोनमधून काढून टाकायला सांगण्यात आलं. या वेळी वाचून पुढे सोडण्याचा बूलोन्यचा मार्ग कोणी धरला नाही, थेट साधनच काढून घेतलं. हे योग्य की अयोग्य यावरचा वाद न्यायालयापर्यंत गेला.