दुकानाचा मेसेज ग्राहकाने वाचावा म्हणून

तुमच्या दुकानातून, दवाखान्यातून किंवा क्लासमधून निघणारा मेसेज आमच्या यंत्रणेतून जात असला, तरी ग्राहक नाव तुमचंच लक्षात ठेवतो. म्हणून काम सुरू करण्याआधी हे पत्रक जरूर वाचा.

पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये गेला. नील पॅपवर्थ या तरुण इंजिनिअरने कॉम्प्युटरवरून पाठवलेला तो मजकूर होता ‘मेरी ख्रिसमस’. एका इंग्रजी एसएमएसला १६० अक्षरांची मर्यादा आहे, ती आजही तीच. मराठीत मात्र ७०च बसतात, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला दुपटीहून जास्त जागा लागते. त्यात काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव वाचताना चार अक्षरांचं, मोजणीत दहाचं! ७० ओलांडले की एका मेसेजचे दोन होतात आणि पैसेही दोनाचे लागतात.

तरीही आम्ही मराठीचाच आग्रह धरतो. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी स्वस्त पडतं, पण वयस्कर माणसाला ते अडखळत वाचावं लागतं. नमस्कार-चमत्कार गाळा आणि कामाचं लिहा: काय तयार आहे, कधी न्यायचं, किती पैसे द्यायचे.

पूर्वी कुणीही कुणालाही शेकडो मेसेज पाठवत असे. लोक वैतागले, आणि ट्रायने (दूरसंचार क्षेत्रावर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) नियम कडक केले. २०१८ च्या नियमांनुसार व्यवसायाची, त्याच्या सहा अक्षरी नावाची (म्हणजे हेडरची) आणि मेसेजच्या नमुन्याची मोबाइल कंपन्यांच्या डीएलटी पोर्टलवर (म्हणजे व्यावसायिक मेसेजच्या नोंदणीच्या वेबसाइटवर) आधी नोंद करावी लागते. मंजूर नमुन्याशी मजकूर जुळला नाही, तर मेसेज वाटेतच अडतो. २०२४ पासून लिंकही आधी नोंदवावी लागते. २०२५ पासून हेडरच्या शेवटी एक अक्षर दिसतं: जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी मेसेजला जी. हे नियम आम्हाला जाचक वाटत नाहीत. बँकेच्या नावाने फसवणारे इतके असताना खऱ्या दुकानदाराला ओळख मिळणं फार गरजेचं होतं.

एक चूक मात्र सर्रास होते. ‘तुमचा चष्मा तयार आहे’ ही सेवा. त्याच्या शेपटाला ‘फ्रेमवर २० टक्के सूट’ जोडलं की ती जाहिरात. १९०९ या नंबरवर कळवून जाहिराती बंद केलेल्या ग्राहकाला ती पाठवता येत नाही. दोन्ही वेगळे ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपचं व्यवसायासाठीचं अ‍ॅप २०१८ मध्ये आलं. त्यांच्या एपीआय सेवेत (म्हणजे आमच्यासारख्या यंत्रणेतून मेसेज पाठवण्याच्या सोयीत) ग्राहकाने लिहिल्यापासून २४ तास तुम्ही मोकळेपणाने उत्तर देऊ शकता. नंतर मंजूर नमुनाच चालतो. फोटो, बिल, दुकानाचा पत्ता पाठवायला ते उत्तम. आरसीएस या एसएमएसच्या नव्या, सुधारित प्रकारात फोनच्या नेहमीच्या मेसेज अ‍ॅपमध्येच तुमचं पडताळलेलं नाव आणि बोधचिन्ह दिसतं, मात्र फोन आणि नेटवर्क दोन्हींची त्याला साथ लागते. ग्राहकांत साधा फोन वापरणारे असतील, तर एसएमएस सोडू नका. त्याला इंटरनेट लागत नाही.

ग्राहकांचे नंबर कुणाकडून विकत घेऊ नका. अशी यादी आणली, तर आम्ही काम घेणार नाही. बिल करताना विचारा, ‘मेसेज पाठवला तर चालेल ना?’ आणि होकाराची नोंद ठेवा.

नोंदणीसाठी येताना पॅन कार्ड, जीएसटी किंवा व्यवसायाच्या नोंदणीचा दाखला, सही-शिक्क्याचं अधिकारपत्र आणि सही करणाऱ्याचं ओळखपत्र आणा. मेसेजचा मजकूर कच्चा लिहून आणलात तरी पुरे. अक्षरं मोजून तो बसवून देणं आमच्याकडे लागलं.