चौथी सीट आणि आपल्यातलं माकड

परवा ठाण्याहून निघालेल्या फास्ट लोकलमध्ये माझ्या बुटाची टाच एका काकांच्या अंगठ्यावर पडली. काका कळवळले. मी दात दाखवले. 'सॉरी' नंतर आलं, आधी दात आले. काकांनीही ओठ ताणून अर्धे दात दाखवले आणि प्रकरण तिथंच मिटलं.

हे ओशाळं हसू फार जुनं आहे. मकाक जातीच्या माकडांत दुबळं माकड वरचढ माकडासमोर ओठ मागे ओढतं आणि आवाज न करता दात दाखवतं. अर्थ एवढाच, की मला भांडायचं नाही. माणसाचं स्मित याच मुद्रेतून आलं असावं, आणि खदखदून हसणं मात्र खेळताना माकडं तोंड सैल उघडतात त्या मुद्रेतून, अशी मांडणी डच प्राणिवर्तनतज्ज्ञ यान वान हूफ यांनी १९७२ मध्ये केली. आता माकडं काही आपले खापरपणजोबा नव्हेत, ती भाऊबंद. चिंपांझी आणि आपण साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वेगळे झालो, मकाक त्याच्याही कितीतरी आधी. पण भाऊबंदांच्या घरात सारखीच भांडी सापडली, तर ती एकाच आजीची असणार हे उघड आहे.

'गर्दीत माणसाचं जनावर होतं' हे वाक्य मी प्लॅटफॉर्मवर हजारदा ऐकलंय. वाक्य बरोबर आहे, फक्त आपण त्याचा अर्थ उलटा लावतो.

उलट्या अर्थाला विज्ञानाचा आधार मिळाला तो उंदरांमुळे. अमेरिकेत संशोधक जॉन कॅल्हून यांनी बंदिस्त खोल्यांत उंदरांना भरपूर खाणं-पाणी देऊन त्यांची संख्या वाढू दिली. १९६२ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केलं ते भयंकर होतं. नर एकमेकांना चावत होते, माद्या पिल्लांना टाकून देत होत्या. दुसरीकडे खाणं मोकळं पडलेलं असतानाही उंदीर एकाच भांड्याभोवती दाटीवाटी करून खात. (हे वाचताना मला पुलाच्या जिन्यासमोरचा डबा आठवला. पुढचा डबा रिकामा असतो, तरी सगळे तिथंच घुसतात.) शहरांची चिंता करणाऱ्यांनी हा प्रयोग डोक्यावर घेतला. आज उंदीर, उद्या माणूस.

पण आपण उंदीर नाही, वानरकुळातले आहोत. नेदरलँड्समधल्या आर्नेम इथल्या प्राणिसंग्रहालयात चिंपांझींचा एक कळप उन्हाळ्यात मोकळ्या बेटावर राहायचा आणि हिवाळ्यात बंद दालनात. दालनातली जागा बेटाच्या सुमारे विसाव्या हिश्शाएवढी. प्राणिवर्तनतज्ज्ञ फ्रान्स द वाल आणि त्यांच्या सहकाऱ्याने दोन्ही ऋतूंतली भांडणं मोजली. हिवाळ्यात ती थोडी वाढत, पण रक्तपात वगैरे काही नाही. ठळकपणे वाढलं ते वेगळंच. एकमेकांच्या केसांत बोटं घालून साफसफाई करणं वाढलं, आणि वाकून 'रामराम' घालावा तसं नमतं घेणंही. पुढे द वाल यांनी ऱ्हीसस माकडांचे, म्हणजे मकाकांतल्याच एका जातीचे, कळप तपासले. काही पिंजऱ्यात, काही बेटावर मोकळे, दाटीत शेकडो पटींचा फरक. तिथंही चित्र साधारण हेच निघालं. दाटी वाढली की वानरं दात-नखं काढत नाहीत, मिटवामिटवीची साधनं काढतात.

आता आपला डबा बघा. ऐन गर्दीत लोकलमध्ये दर चौरस मीटरला १४ ते १६ माणसं उभी असतात. याला 'सुपर डेन्स क्रश लोड' असं भारदस्त नावही आहे. हिवाळ्यात ऐरोली-वाशीच्या खाडीवर येणारे कुरव, म्हणजे आपले सीगल, कठड्यावर बसतात तेव्हा दोघांमध्ये ठरावीक फट ठेवून बसतात. स्विस प्राणितज्ज्ञ हाइनी हेडिगर यांनी या फटीला 'वैयक्तिक अंतर' म्हटलं. त्यावरून अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ मध्ये माणसांची अंतरं मांडली. त्यांच्या पाहणीतल्या अमेरिकनांमध्ये सुमारे ४५ सेंटिमीटरच्या आत फक्त जिवलग माणूस चालत असे. मेंदूतल्या अमिग्डला या बदामाएवढ्या भागाचा यात हात आहे. तो भाग निकामी झालेल्या एका स्त्रीची चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. ती अनोळखी माणसापासून इतरांच्या जवळपास निम्म्याच अंतरावर निवांत उभी राहत होती. आपला अमिग्डला मात्र शाबूत असतो, आणि नाकासमोर दहा सेंटिमीटरवर परका चेहरा.

मग आपण काय करतो? डोळे काढून घेतो. मकाकांत रोखून बघणं म्हणजे धमकी. येऊरच्या जंगलात फिरायला गेलात आणि माकड समोर आलं, तर त्याच्या डोळ्यांत बघू नका असं सांगतात ते उगीच नाही. डब्यात मोबाइल, पंखा, वशीकरणाची जाहिरात, कुणाच्या तरी पाठीवरची बॅग, काहीही चालतं. समोरचा चेहरा तेवढा सोडून.

चौथ्या सीटची गोष्ट तर याहून बारीक आहे. बाक तिघांचा, चौथा अर्ध्या मांडीवर टेकतो. 'जरा सरकता का?' म्हटलं की तिघंही मान वर न करता दोन-दोन इंच सरकतात. हक्क कुणाचा, हे विचारायची पद्धत नाही. गॅरी एव्हान्स आणि रिचर्ड वेनर यांनी २००७ मध्ये न्यू जर्सीहून मॅनहॅटनला जाणाऱ्या रेल्वेप्रवाशांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. डबा एकूण किती भरलाय याने फारसा फरक पडत नव्हता. आपल्या रांगेत, अगदी शेजारी किती माणसं आहेत याने पडत होता. चौथ्या सीटवाल्याला हे सांगायला लाळ तपासावी लागत नाही.

राहिली केसांतली साफसफाई. केस विंचरले, उवा काढल्या की माकडाच्या शरीरात एंडॉर्फिन, म्हणजे बरं वाटायला लावणारी रसायनं, स्रवतात, जीव शांत होतो, जोड्या जमतात. काही वानरजाती दिवसाचा पाचवा हिस्सा यात घालवतात. माणसाचे कळप मोठे झाले, तेव्हा हे काम गप्पांनी उचललं असावं, असं ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांचं म्हणणं. आमच्या घरी थंडीत मटार सोललेलाच येतो. बायको लेडीज डब्यातून आणते, आणि त्यातला निम्मा अशा बायकांनी सोललेला असतो ज्यांचं आडनावही तिला ठाऊक नाही. त्यांच्या सासवांचे गुडघे मात्र तिला पाठ आहेत.

सगळंच उत्क्रांतीच्या खात्यावर टाकणं मला पटत नाही. टोकियोच्या भरगच्च गाडीत चिडीचूप शांतता असते, आपल्याकडे टाळ कुटत भजन चालतं. साधनं वारशाने मिळाली, ती कशी वापरायची हे गाव शिकवतं.

आणि भांडणं होतातच. पण बघा, ती गर्दीवरून क्वचित होतात. होतात ती दारावरून, खिडकीवरून, गाडी थांबते त्या काही सेकंदांवरून. म्हणजे वाटणीवरून, आणि आपला-परका यावरून. कल्याणहून आलेल्या फास्टमध्ये ठाणेकर चढला की ठरलेला प्रश्न येतो, 'तुम्हाला ठाणा लोकल आहे ना? मग यात कशाला?' कळपाची हद्द राखणं हेही वारशातच आलंय, ते नाकारण्यात अर्थ नाही.

आर्नेमच्याच चिंपांझींत द वाल यांना आणखी एक गोष्ट दिसली होती. भांडण झालं की अनेकदा काही वेळाने दोघांपैकी एक जण हात पुढे करी. अंगठ्यावर पाय पडला त्याच आठवड्यात मी दारात दोघांना आईबापावर जाताना ऐकलं. एक डोंबिवलीचा, एक ठाण्याचा. मुलुंड गेलं, विक्रोळी गेलं, दोघं दोन दिशांना बघत उभे. घाटकोपरला थोडी जागा झाली तसा डोंबिवलीकर त्याच्याकडे न बघता म्हणाला, "बॅग द्या, वर ठेवतो."