ब्रेक दाबला की इंडिकेटर का पेटतो?

ऐरोलीला बिल्डिंगखाली माझी 2004 ची गाडी उभी असते, खाडी जवळच. मागच्या पावसाळ्यात तिचं विचित्र सुरू झालं, ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर मंद पेटायचा आणि ब्रेक लाइट धड लागायचाच नाही. एकाने होल्डर बदला म्हटलं, दुसऱ्याने अख्खं वायरिंग. दोष निघाला डिकीतल्या एका बोल्टखाली.

कसं असतं, गाडीत करंट बल्बपर्यंत वायरने जातो पण परत येताना बहुतेक करून गाडीचा पत्राच वायरचं काम करतो, बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेला असतो आणि मागच्या दिव्यांची मिळून एक काळी वायर जवळच्या बोल्टने पत्र्याला लावलेली. वायरमन यालाच अर्थ म्हणतात, घरच्या अर्थिंगसारखा जमिनीशी याचा संबंध नाही. त्या बोल्टखाली गंज धरला की परतीची वाट अडते. मग ब्रेक लाइटचा करंट शेजारच्या इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा घुसतो, त्याच्या वायरने पार पुढच्या इंडिकेटरपर्यंत जातो आणि तिथल्या अर्थने उतरतो. बल्ब एका माळेत आल्यासारखे होतात, म्हणून सगळेच मंद.

आता मल्टिमीटर (व्होल्ट, करंट मोजायचं मीटर) दोन टोकं जोडलेली आहेत असं सांगणारा बीप वाजवतो म्हणून अर्थ चांगला असं धरून चालू नका, इथेच बरेच जण फसतात. बीपसाठी मीटर अगदी नावापुरता करंट सोडतो, वायरची एक तार शिल्लक असली तरी तो वाजणार. पण सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) मारताना 100-150 अँपिअर लागतात, आणि तेही अर्थमधूनच परत येतात. समजा जोडात फक्त 0.01 ओहमचा अडथळा आहे, तर 2 अँपिअरच्या बल्बला 0.02 व्होल्टचा फटका, कळणारही नाही, पण 150 अँपिअरला तोच 1.5 व्होल्ट, आणि मग सेल्फ कण्हत फिरतो आणि आपण चांगली बॅटरी बदलून येतो!

म्हणून लोड असताना मोजा. मीटर डीसी व्होल्टवर, एक पिन बॅटरीच्या मायनस खांबावर (क्लॅम्पवर नको, खांबावरच), दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. 0.2-0.3 व्होल्टपर्यंत ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ खराब. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं त्यामुळे त्याला बॉडीशी किंवा बॅटरीशी जोडणारी जाड पट्टी वेगळी लागते, ती तुटली तर एवढा करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल चटका बसेल इतकी तापते.

माझा बोल्ट काढला तर वायरचं टोक हिरवं पडलेलं आणि खाली पत्र्यावर तांबडा भुगा. बॅटरीचा मायनस काढून ठेवला, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला (रंगही ठेवायचा नाही, रंगातून करंट जात नाही), दातेरी वॉशर टाकून बोल्ट आवळला आणि मगच वरून व्हॅसलीन फासलं, खाडीची खारट दमट हवा आत शिरू नये म्हणून. मायनस परत लावून ब्रेक दाबला, मुलगी मागे उभी होती, म्हणाली, "बाबा, पूर्ण लागला, इंडिकेटर बंद."