मध्येच बोललं तर काय बिघडलं?

बाईंनी प्रश्न विचारायचा, मुलांनी हात वर करायचा, नाव घेतलं की एकट्यानं उभं राहून उत्तर द्यायचं. अमेरिकेच्या हवाई बेटांवर, होनोलुलूतल्या मूळ हवाईयन मुलांचं घोडं इथंच अडायचं. ती वाचनात मागे पडत आणि वर्गात गप्प बसत.

घरी मात्र हीच मुलं धाकट्या भावंडांना सांभाळत आणि गप्पांत हिरिरीनं भाग घेत. तिथल्या गप्पांची रीत म्हणजे ‘टॉक स्टोरी’. एकानं किस्सा सुरू करायचा, दुसऱ्यानं तो मध्येच उचलायचा, तिसऱ्यानं भर घालायची. यात कुणाला उद्धटपणा वाटत नाही.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं या मुलांचं शिक्षण सुधारण्यासाठी ‘कीप’ (कामेहामेहा अर्ली एज्युकेशन प्रोग्रॅम) हा प्रकल्प सुरू झाला. आधी भर होता शाबासकीवर आणि अक्षरांच्या सरावावर. मुलं मन लावून बसू लागली, पण वाचन काही सुधारेना. मग पाठाची घडणच बदलली. समजा, गोष्ट बेडकाची आहे. तर आधी प्रत्येकानं पाहिलेले बेडूक, मग थोडा मजकूर, मग दोन्हींची सांगड. शिक्षिकेनं नाव पुकारणं सोडलं; कोण केव्हा बोलणार ते मुलंच ठरवू लागली. कॅथरिन आऊ आणि जॅना मेसन या संशोधकांनी १९८१ साली दोन शिक्षिकांच्या पाठांची तुलना प्रसिद्ध केली. मुलं तीच, पण जिथं असं बोलायला मोकळीक होती, तिथं ती जास्त तर्क लढवत होती.

संस्कृतीशी जोडलेलं शिक्षण म्हटलं की आपल्याकडे भिंतीवर वारली चित्रं काढतात. छान दिसतात, पण प्रश्नोत्तरांची रीत तीच राहते.

बरं, हवाईचा नमुना उचलून दुसरीकडे नेला तर? १९८३ साली तो ॲरिझोनातल्या रफ रॉक इथं नवाहो या मूळ अमेरिकी जमातीच्या मुलांच्या शाळेत नेला आणि फसला. मुलगे-मुली एकत्र बसवलेल्या गटांत कुणी कुणाला मदत करेना. मुलामुलींचे वेगळे, दोघातिघांचे गट केल्यावर काम जमलं. गोष्ट तुकड्यातुकड्यानं नको, आधी पूर्ण ऐकू द्या, असं मुलांचं म्हणणं. शिवाय बोलताना ती मध्ये थांबत. नवख्या शिक्षकाला वाटे, उत्तर संपलं.

हे थांबणं सर्वांच्याच कामाचं आहे. मेरी बड रो या शिक्षण-संशोधक बाईंनी अमेरिकी वर्गांत मोजलं, तर प्रश्नानंतर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली आणि ‘बरोबर ना?’ असा विचारणारा सूर कमी झाला.