दात कोरण्याचा बर बदलल्यावर कॅलिब्रेशन पुन्हा का करावे?

फॅन्टम हेडवर, म्हणजे सरावासाठीच्या कृत्रिम डोक्यावर, सराव करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाताच्या हालचाली टिपणारी आमची यंत्रणा ज्या दंत महाविद्यालयांत बसवलेली आहे, तेथून एक तक्रार वारंवार येते: पडद्यावर कॅव्हिटीची (दातात कोरलेल्या खड्ड्याची) खोली चुकीची दिसते. तपासणीला गेल्यावर कॅमेरा बहुधा ठीक असतो. सरावाच्या मध्येच बर बदललेला असतो आणि टोकाचे कॅलिब्रेशन, म्हणजे टोकाची जागा यंत्रणेला नेमकी ओळखवून देणे, मात्र जुनेच राहिलेले असते.

इन्फ्रारेड कॅमेऱ्याला बर दिसत नाही; एअरोटरवर (बर फिरवणाऱ्या हँडपीसवर) आणि टायपोडॉन्टवर (कृत्रिम दातांच्या नमुन्यावर) बसवलेले परावर्तक मार्कर तेवढे दिसतात. मार्करपासून बरचे टोक किती अंतरावर आणि कोणत्या दिशेला आहे, हे संगणकाला केवळ कॅलिब्रेशनच्या वेळी कळते, आणि पुढे तेच अंतर खरे मानून तो टोकाची जागा काढत राहतो. एअरोटरचा नेहमीचा बर सुमारे १९ मिलिमीटर लांब असतो. आखूड दांड्याचा त्याहून २ ते ३ मिलिमीटर कमी भरतो. अमाल्गम या धातुमिश्रणाने भरायच्या कॅव्हिटीची खोलीच मुळात दीड ते २ मिलिमीटर असल्याने, नेहमीच्या बरनंतर आखूड बर तसाच लावला, तर तो दाताला नुसता टेकताच पडद्यावर तळ गाठलेला दिसतो आणि विद्यार्थ्याला नसलेल्या चुकीचे गुण कापले जातात. कॅलिब्रेशननंतर तोच बर काढून पुन्हा लावताना चकमध्ये (हँडपीसच्या पकडीत) पूर्ण आत बसला नसेल, तरीही मोजमाप चुकते.

प्रत्येक विद्यार्थ्याच्या सुरुवातीला येणारी कॅलिब्रेशनची सूचना बंद करून द्यावी, अशी विनंती काही प्राध्यापक करतात. वर्ग मोठा आणि तास लहान, ही त्यांची अडचण खरी आहे. तरीही ती सूचना आम्ही बंद करत नाही, कारण चुकीचे मोजमाप हे मोजमाप नसण्यापेक्षा अधिक नुकसान करते. बर कॅलिब्रेशनच्या ठोकळ्यातील खाचेत टेकवून हँडपीस सावकाश फिरवणे, एवढेच हे काम आहे. मध्येच बदललेला बर यंत्रणेला आपोआप ओळखता येत नाही, म्हणून तेव्हा ते स्वतः आठवणीने करावे लागते. प्रत्येक आसनाजवळ स्वतंत्र ठोकळा असल्यास रांग लागत नाही. जादा ठोकळे आमच्याकडे मिळतात.

मार्करच्या गोळ्यांना ओले हातमोजे लावू नयेत आणि स्पिरिटने त्या पुसू नयेत, कारण परावर्तक थर खराब होतो. वार्षिक देखभाल करारात या गोळ्या आम्ही तपासून बदलून देतो.

कोरून झालेला दात पाहून शिक्षकांना परिणाम कळतो; बर कोणत्या क्षणी तिरका झाला, बोटाचा आधार सुटून हात कोठे हलला, हे मात्र नोंदीतूनच दिसते. आमची यंत्रणा दाब मोजत नाही, त्यामुळे त्याबाबतचा निर्णय शिक्षकांच्याच नजरेवर राहतो.

तक्रार नोंदवताना शेवटच्या कॅलिब्रेशनची वेळ आणि त्रुटीचा आकडा दाखवणाऱ्या पडद्याचे छायाचित्र सोबत पाठवावे. अनेकदा त्यावरून दूरध्वनीवरच उपाय सांगता येतो आणि आपल्याला भेटीची वाट पाहावी लागत नाही.