सापडलेल्या वस्तूची दवंडी

खान्देशातल्या सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत भोंगा दिवसभर वाजत असतो. घोडेबाजाराच्या धुळीत कुणाचे पोर हरपते, कुणाचे पाकीट पडते. पाकीट न्यायला आलेल्याला आधी आत काय काय आहे ते विचारतात. सगळे जुळले की मगच सही. सापडलेली वस्तू आधी पुकारायची, हा रिवाज पोलीस ठाण्यापेक्षा जुना.

१८१८ मध्ये खान्देश कंपनीच्या ताब्यात आला, तेव्हा गावाची राखण जागल्याकडे असे आणि इकडे तो बहुधा भिल्ल असे. चोरीला गेलेल्या मालाचा माग त्याने पावलांवरून काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला की पुढची जबाबदारी त्या गावाची. थोडक्यात, माल गेला तर उत्तर गावाने द्यायचे.

इंग्रजांनी हे सारे कागदावर आणले. १८६० च्या दंडसंहितेतले एक उदाहरण आजही वाचण्यासारखे आहे. हमरस्त्यावर एक रुपया सापडला, कुणाचा ते माहीत नाही, तो उचलला : गुन्हा नाही. पण रस्त्यात सापडलेल्या पत्रात नोट निघाली, पत्रावरूनच ती कुणाची हे कळले आणि तरी ती खिशात घातली, तर गुन्हा. रुपयाला नाव नसते, पत्राला असते. सगळा फरक तेवढाच. तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये हाच विचार कायम आहे.

दवंडी मात्र गुरांच्या कायद्यात सापडते. १८७१ च्या कायद्याप्रमाणे कोंडवाड्यात घातलेले जनावर सात दिवसांत कुणी सोडवून नेले नाही, तर त्याचे वर्णन, ते कुठे धरले आणि कुठे कोंडले, याची नोटीस कचेरीत डकवायची. शिवाय जिथे धरले तिथल्या जवळच्या गावात आणि बाजारात ढोल वाजवून पुकारायचे. आणखी सात दिवस वाट पाहायची, मग लिलाव. एका म्हशीसाठी एवढा गाजावाजा! मला हा कायदा आवडतो, कारण मालक बाजारालाच येणार हे त्याला ठाऊक होते.

वस्तू सापडली म्हणून ती आपली होत नाही, हे १८७२ च्या करार कायद्याने ठरवले. ज्याला सापडली तो मालकाच्या वतीने सांभाळणारा. मालकाने ठरावीक बक्षीस जाहीर केले असेल, तर ते हक्काने मागता येते. नाहीतर सांभाळण्याचा खर्च मिळेपर्यंत वस्तू अडवून धरता येते, पण खर्चासाठी दावा लावता येत नाही. याउलट १८७८ चा गुप्तधनाचा कायदा. नांगराला हंडा लागला, ऐवज दहा रुपयांच्या वर असला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे. त्यावर कुणाचाच हक्क ठरला नाही आणि आपसात काही ठरलेले नसेल, तर चारातले तीन हिस्से ज्याला सापडले त्याला आणि चौथा जागामालकाला. जमिनीखाली सापडले तर वाटा, रस्त्यावर सापडले तर राखण. गंमतच आहे.

पोलिसांकडे आलेल्या बेवारस वस्तूची तरतूद आज १९५१ च्या, आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणवणाऱ्या कायद्यात आहे. पोलिसांनी जप्त केलेल्या मालाला फौजदारी प्रक्रियेची कलमे लागतात. पूर्वी ४५७ आणि ४५८, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेची ५०३ आणि ५०४. मालक ठाऊक नसेल तर दंडाधिकारी माल ठेवून घेऊ शकतात, पण मग जाहीरनामा काढावाच लागतो. सहा महिन्यांत कुणी हक्क सिद्ध केला नाही, तर माल सरकारच्या हाती जातो आणि विकताही येतो. म्हणजे दवंडी इथेही आहे, फक्त ढोल गेला आणि कागद उरला. कागद बाजारात ऐकू येत नाही.

मग माल साचतो. ठाण्याच्या आवारात कडुलिंबाखाली मोटारसायकली उभ्या असतात. सीट उंदरांनी कुरतडलेली, चाकांच्या आऱ्यांतून वेल वर चढलेला. आत कपाटात पांढऱ्या कापडात शिवलेली पुडकी, लाखेची मोहोर, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी. २००२ मध्ये सुंदरभाई देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की जप्त माल गरजेपेक्षा जास्त काळ ठाण्यात कुजवू नका. फोटो काढा, पंचनामा करा, हमीपत्र घेऊन परत द्या, वाहनाला मालकच पुढे येत नसेल तर लिलाव करा.

मोबाईलने मात्र हा सारा क्रम उलटा केला. २०२३ पासून देशभर खुल्या झालेल्या सीईआयआर या सरकारी पोर्टलवर हरवलेल्या हँडसेटचा आयएमईआय, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, नोंदवला की तो बंद पाडता येतो, आणि कुणी त्यात सिम घातले की माग लागतो. पूर्वी जागल्या पावले बघत जायचा. आता हँडसेट स्वतःच पावले सोडतो. यात्रेत सापडलेल्या पाकिटासाठी मात्र अजून भोंग्यावरूनच पुकारावे लागते.