हस्तिदंती ग्रंथावरणे

पश्चिम युरोपात मुख्यतः 8व्या ते 12व्या शतकांत शुभवर्तमाने (येशूच्या चरित्राचे चार ग्रंथ), स्तोत्रसंहिता अशा ख्रिस्ती उपासनेच्या हस्तलिखितांवर बसवलेल्या कोरीव हस्तिदंती फळ्या. वेदीवर ठेवायच्या आणि मिरवणुकीत वाहून न्यायच्या निवडक ग्रंथांनाच असे आवरण लाभे.

रचना ठरते ती सुळ्याच्या आकारावरून. सुळा मुळाशी पोकळ असतो आणि भरीव भागातून 15 सेंमीपेक्षा रुंद सपाट फळी क्वचितच निघते. त्यामुळे मोठ्या ग्रंथासाठी पाच तुकडे जोडत: मध्ये एक, बाजूंना दोन, वर आणि खाली एकेक आडवी पट्टी. सहाव्या शतकातील बायझंटाइन (पूर्व रोमन) सम्राटांच्या हस्तिदंती फलकांची ही रीत फ्रँक सम्राट शार्लमेनच्या दरबारी कारागिरांनी उचलली. सुमारे इ. स. 810 चे, जर्मनीतील लॉर्श मठाचे शुभवर्तमान हा तिचा सर्वोत्तम नमुना. सुमारे 38 सेंमी उंचीच्या एका आवरणावर मध्यभागी बालयेशूसह मरिया, बाजूंना बाप्तिस्मा करणारा योहान व जखऱ्या, खाली येशूजन्म आणि मेंढपाळ दिसतात. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. श्वापदांना पायांखाली तुडवणाऱ्या ख्रिस्ताचे दुसरे आवरण व्हॅटिकनमध्ये आहे. ग्रंथही दुभंगला: मत्तय व मार्क यांची शुभवर्तमाने रुमानियातील आल्बा यूलियात, लूक व योहान यांची व्हॅटिकनमध्ये.

सुळा लांबीच्या दिशेने करवतून फळी घासून सपाट करतात, तिच्यावर आकृती रेखतात, गिरमिटाने खोल जागा मोकळ्या करतात आणि बारीक पटाश्यांनी कोरतात. साधारण 1 सेंमी जाडीत वस्त्राच्या चुण्या मागून पोखरून सुट्या केलेल्या असतात. सर्वांत आधी तुटतात ती अशीच बोटे आणि कडा. तयार फळी लाकडी पुठ्ठ्यावर बसवून भोवती सोन्याची किंवा चांदीची चौकट ठोकत.

नवा हस्तिदंत दुर्मीळ असल्याने रोमन कॉन्सलांचे (वर्षभरासाठी नेमलेल्या सर्वोच्च अधिकाऱ्यांचे) जुने हस्तिदंती फलक घासून पुन्हा कोरले जात. सोने वितळवता येते, हस्तिदंत नाही. म्हणूनच चौकटी लुटल्या गेल्या तरी पुष्कळ फळ्या वाचल्या.

हस्तिदंत हवेतील ओल शोषतो आणि सोडतो. आर्द्रता झपाट्याने बदलली की फळी वाकते आणि हस्तिदंताच्या नैसर्गिक रेषांच्या दिशेने उभी तडकते. चौकटीत घट्ट खिळलेली असेल तर हमखास. ती पाण्याने धुवू नये, कारण ओलीने फळी फुगते आणि मूळ रंगाचे व सोनेरी मुलाम्याचे उरलेसुरले कणही निघून जातात.